जागेला बांधलेली भुते : जर्मन आख्यायिकांची प्रस्तावना

याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंनी १८१६ आणि १८१८ साली ‘डॉइचे झागेन’ या नावाने जर्मन आख्यायिकांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत ५८५ आख्यायिका आहेत. याच बंधूंच्या परीकथा घराघरांत पोहोचल्या. आख्यायिकांचे खंड मात्र जर्मन भाषेच्या बाहेर फार थोड्यांनी वाचले. जर्मन भुतांची ओळख करून घ्यायची तर आधी याच खंडांकडे वळावे लागते. परीकथेतला राजा कुठल्या राज्याचा, हे कुणी विचारत नाही. आख्यायिकेला मात्र गाव लागते, गिरणी लागते, पूल लागतो, आणि पुष्कळदा सालही लागते. सांगणारा हाताने दिशा दाखवतो आणि ऐकणाऱ्याला ती जागा ठाऊक असते. टेओडोर बेन्फाय यांनी १८५९ साली पंचतंत्राचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध करताना युरोपातल्या अनेक कथांचे मूळ भारतात असल्याचे मांडले. कथा अशा दूरदूर जातात. भुताची कथाही फिरते, पण ती जिथे उतरते तिथल्या टेकडीचे आणि तिथल्या सरदाराचे नाव घेऊनच राहते.

जर्मन आख्यायिकांचे आणखी एक वैशिष्ट्य असे की त्यांच्या नोंदी फार आहेत. पाद्र्यांनी प्रवचनांत, अंमलदारांनी जबान्यांत, प्राध्यापकांनी प्रबंधांत आणि पुढे पोलिसांनी तपासाच्या कागदांत भुतांविषयी लिहून ठेवले आहे. त्यामुळे कोणती गोष्ट जुनी, कोणती एखाद्या कवीने रचलेली आणि कोणती कालपरवाची, हे बरेचदा सांगता येते. प्राचीन वाटणारी आख्यायिका दोनशे वर्षांचीच निघते आणि क्षुल्लक वाटणारी एखादी खेड्यातली गोष्ट शेकडो वर्षांचा व्यवहार पोटात घेऊन उभी असते. म्हणून या भुतांकडे त्यांच्या गावासकट आणि त्यांच्या काळासकट पाहिले पाहिजे.

खेड्यातल्या भुतांमध्ये सर्वाधिक पसरलेले आणि सर्वांत कमी प्रसिद्धी मिळालेले भूत म्हणजे सीमेचा दगड सरकवणारा. जिवंतपणी त्याने रात्री शेजाऱ्याच्या शेतातला हद्दीचा दगड उपटून हातभर पलीकडे रोवलेला असतो. मेल्यावर तोच दगड, कधी तापून लाल झालेला, छातीशी धरून त्याला शेताच्या कडेने फिरावे लागते. दिसेल त्याला तो विचारतो, हा दगड कुठे ठेवू? लोक घाबरून पळतात आणि त्याची फेरी चालूच राहते. शेवटी एखादा दारू प्यायलेला किंवा मुळातच निर्भय माणूस चिडून म्हणतो, जिथून घेतलास तिथे ठेव. इतकेच ऐकायचे बाकी होते, भूत सुटते. दक्षिण जर्मनीपासून उत्तरेच्या किनाऱ्यापर्यंत ही गोष्ट वेगवेगळ्या गावांच्या नावाने सांगितली जाते.

ही गोष्ट इतकी का पसरली याचे उत्तर शेतीच्या मांडणीत आहे. जुन्या जर्मन खेड्यांत शिवार लांब अरुंद पट्ट्यांत वाटलेले असे. एका कुटुंबाचे पट्टे ठिकठिकाणी विखुरलेले असत आणि त्यांच्यामध्ये कुंपण नसे. हद्दीचा पुरावा म्हणजे जमिनीत पुरलेला दगड. तो सरकवायला एक रात्र पुरे आणि साक्षीदार कुणी नाही. फ्रांकोनिया भागात यावर उपाय म्हणून गावातले शपथ घेतलेले लोक दगड रोवत आणि त्याखाली भाजलेल्या मातीच्या, काचेच्या किंवा चिनीमातीच्या खुणा ठराविक रचनेत पुरत. ती रचना त्यांच्यापलीकडे कुणाला सांगायची नाही, अशी आयुष्यभराची शपथ असे. दगड हलला तरी खालची खूण खरी हद्द सांगे. हे शपथबद्ध सीमारक्षक बव्हेरियात आजही आहेत. जिथे ही खूणही पोहोचत नव्हती तिथे भुताच्या गोष्टीने राखण केली असे म्हणायला जागा आहे. या गोष्टीतले भूत कुणाला छळत नाही. त्याला फक्त आपले काम पुरे करायचे आहे आणि ते कसे करायचे हे जिवंत माणसाने सांगायचे आहे.

दलदलीवर रात्री तरंगणारे दिवे, म्हणजे ‘इर्लिश्ट’, हेही अशाच कारणांनी समजावले जात. काही ठिकाणी ते बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळांचे आत्मे, तर काही ठिकाणी जमिनीची खोटी मोजणी करणाऱ्यांचे.

हिवाळ्यातली भुते वेगळी. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंतच्या बारा रात्रींत आकाशातून एक शिकारी ताफा जातो अशी समजूत जर्मनभाषक प्रदेशात खूप जुनी आहे. कुत्र्यांचे भुंकणे, शिंगाचा आवाज, घोड्यांच्या टापा, आणि पुढे कधी वोडान हा जुना देव, कधी होले किंवा पेर्ख्ता नावाची स्त्री, तर हार्ट्स आणि झोलिंग भागांत हाकेलबेर्ग नावाचा शिकारी. आपला स्वर्गातला वाटा देवाने ठेवून घ्यावा, आपल्याला शिकार पुरे, असे तो मरताना म्हणाला म्हणून त्याला अखेरपर्यंत शिकारच करावी लागते. या रात्रींत दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण ताफा त्यांत अडकतो आणि घरात कुणीतरी दगावते. हा नियम काही घरांत अजूनही पाळला जातो. याच कल्पनेचे एक रूप ओडेनवाल्डच्या टेकड्यांत लष्करी होऊन बसले. युद्ध जवळ आले की रोडेनस्टाइनचा सरदार आपल्या अदृश्य फौजेसह श्नेलर्ट्स टेकडीवरून रोडेनस्टाइनच्या पडक्या किल्ल्याकडे निघतो आणि तह व्हायच्या वेळी परततो. अठराव्या शतकात तिथल्या अंमलदाराने हा आवाज ऐकणाऱ्या शेतकऱ्यांच्या रीतसर जबान्या लिहून घेतल्या. ज्या प्रदेशावरून फौजा पुन्हा पुन्हा गेल्या त्या प्रदेशातल्या माणसांनी रात्रीच्या प्रत्येक आवाजात फौज ऐकली, यात नवल नाही. सरकारी दप्तराने ती ऐकून घेतली हे अधिक मोलाचे.

साथीच्या रोगांनी आणखी भयंकर भूत जन्माला घातले. ‘नाखत्सेहरर’ म्हणजे थडग्यात पडून आपलेच कफन चावणारा मृत. तो चावत राहतो तोवर घरातली माणसे एकामागून एक मरतात. मग कुणी मृताच्या तोंडात नाणे किंवा दगड ठेवी, कुणी हनुवटीखाली माती. लाइपझिगमध्ये १६७९ साली फिलिप रोर याने याच विषयावर प्रबंध सादर केला आणि १७२५ पासून मिखाएल रान्फ्ट याने थडग्यातल्या आवाजांची आणि न कुजलेल्या प्रेतांची नैसर्गिक कारणे शोधणारे पुस्तक लिहून ते पुढे वाढवत नेले. प्रेतांविषयीच्या भीतीला उत्तर द्यायला विद्यापीठे उतरली, ती अशी.

मृत माणूस परत येऊ शकतो का, हा प्रश्न सोळाव्या शतकात धर्माच्या फाटाफुटीने अचानक निकडीचा झाला. कॅथलिक शिकवणुकीत स्वर्ग आणि नरक यांच्यामध्ये आत्मे शुद्ध होण्याची एक अवस्था आहे. तिथला आत्मा प्रार्थना मागण्यासाठी, राहिलेला नवस फेडून घेण्यासाठी नातलगांना दिसू शकतो. २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना होते ती याच श्रद्धेतून. मार्टिन ल्युथरने ती मधली अवस्थाच नाकारली. मग भूत आले कुठून? प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राचे उत्तर असे की तो भास असेल, कुणाची लबाडी असेल, नाहीतर सैतानाने घेतलेले सोंग. झ्युरिकच्या लुडविग लावाटरने १५६९ साली हे मत विस्ताराने मांडले. गावकऱ्यांनी मात्र ते पुरते स्वीकारले नाही. प्रॉटेस्टंट भागांतही मृत परत येत राहिले, पण प्रार्थनेने त्यांची सुटका करण्याचा मार्ग बंद झाल्यामुळे ती भुते जास्त हताश आणि जास्त काळ भटकणारी झाली. प्रॉटेस्टंट उत्तरेतल्या आख्यायिका कॅथलिक दक्षिणेतल्यांपेक्षा उदास वाटतात, त्याचे एक कारण इथे असावे.

राजघराण्यांची भुते या सगळ्यांपासून वेगळी आणि अधिक प्रसिद्ध. त्यांतली सर्वांत मोठी ‘वाइसे फ्राउ’, पांढऱ्या वस्त्रातली स्त्री. होहेनत्सोलर्न घराण्यात मृत्यू यायचा असला की ती दिसते अशी समजूत होती. १५९८ मध्ये ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर योहान गेओर्ग वारला, त्याआधी ती बर्लिनच्या राजवाड्यात दिसली असे सांगितले जाई. तिचे मूळ कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात शोधतात. कथा अशी की ऑर्लामुंडेची विधवा कुनिगुंडे हिचे न्यूर्नबर्गच्या होहेनत्सोलर्न घराण्यातल्या रूपवान आल्ब्रेख्टवर प्रेम होते. चार डोळे आड येतात, नाहीतर लग्न केले असते, असे तो म्हणाल्याचे तिच्या कानी आले. त्याच्या मनात होते आपले आईवडील. तिला वाटले आपली दोन मुले. तिने सुईने त्यांचे प्राण घेतले, आल्ब्रेख्टने तिला झिडकारले आणि ती आजवर भटकते आहे.

कागदपत्रांतली कुनिगुंडे निराळी आहे. तिला मूल नव्हते. पतीच्या निधनानंतर तिने न्यूर्नबर्गजवळच्या ग्रुंडलाख येथे सिस्टर्शियन जोगिणींचा मठ स्थापन केला, तिथे ती मठाध्यक्षा झाली आणि १३८२ मध्ये वारली. पती ऑटोने मात्र १३३८ साली प्लासेनबुर्ग न्यूर्नबर्गच्या होहेनत्सोलर्नांकडे गहाण टाकला होता आणि १३४० साली तो मेल्यावर किल्ला त्यांच्या हाती गेला. आख्यायिका याविषयी काही बोलत नाही. पण किल्ला ज्यांचा होता त्या घराण्याची शेवटची स्त्री, किल्ला ज्यांना मिळाला त्यांच्या दारात मृत्यू घेऊन येते, ही रचना सहज झालेली नसावी. एका सज्जन स्त्रीच्या नावावर शतकानुशतके दोन मुलांचे खून राहिले, हे या प्रसिद्धीचे मोल. पांढऱ्या वस्त्रांचा उपयोग जिवंत माणसांनीही करून घेतला. १५४० मध्ये प्लासेनबुर्गवर मार्गग्राफ आल्ब्रेख्ट आल्सिबियाडेसने रात्री या भुताला पकडून जिन्यावरून खाली फेकले आणि सकाळी तिथे त्याच्याच दरबारातला अधिकारी मरून पडलेला सापडला, असे सांगतात.

हार्ट्स पर्वतातले ब्रोकेन शिखर ११४१ मीटर उंच आहे आणि वर्षातले सुमारे तीनशे दिवस ते धुक्यात असते. ३० एप्रिलच्या रात्री, म्हणजे वालपुर्गिसच्या रात्री, चेटकिणी तिथे जमतात ही समजूत योहानेस प्रेटोरियसच्या १६६८ च्या पुस्तकाने सर्वदूर नेली. त्यातूनच ती गोएथेच्या ‘फाउस्ट’मध्ये आली. गोएथे स्वतः डिसेंबर १७७७ मध्ये बर्फातून ब्रोकेन चढून गेला होता. याच शिखरावर योहान झिल्बरश्लाग याने १७८० मध्ये एका प्रचंड आकृतीचे वर्णन केले. सूर्य पाठीशी आणि समोर धुके असले की पाहणाऱ्याची स्वतःची सावली धुक्यावर राक्षसी होऊन पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडी दिसतात. ब्रोकेनचे भूत हे नाव आता जगभरच्या हवामानशास्त्रात रूढ आहे. हार्ट्सच्या खाणींतल्या भुतांचीही विज्ञानात अशीच खूण राहिली. ज्या खनिजातून चांदी निघत नसे आणि भट्टीत विषारी धूर येई ते खाणीतल्या कोबोल्ड नावाच्या खोडकर पिशाचाने बदलून ठेवले आहे असे खाणकामगार मानत. कोबाल्ट या धातूचे नाव तिथून आले. शीतयुद्धात ब्रोकेन पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेवर सापडला. १९६१ ते १९८९ त्यावर सामान्य माणसाला पाऊल ठेवता येत नव्हते. त्या काळात शिखरावर होती ती हेरगिरीची यंत्रे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भुतांविषयीचा वाद शहरांत पेटला. लाइपझिगमध्ये कॉफीगृह चालवणारा योहान गेओर्ग श्र्योप्फर अंधाऱ्या खोलीत मृतांना बोलावून दाखवी. धुरावर मॅजिक लँटर्नने चित्रे पाडून तो हे साधत असावा. १७७४ मध्ये त्याने रोझेंटाल उद्यानात स्वतःवर गोळी झाडली. त्याआधी १७६६ साली इमान्युएल कांटने स्वीडनच्या स्वेडेनबोर्गच्या दिव्यदर्शनांवर एक पुस्तक लिहिले होते. पण या वादातला सर्वांत विलक्षण माणूस म्हणजे बर्लिनचा प्रकाशक फ्रीडरिख निकोलाय. तो बुद्धिवादाचा कट्टर पुरस्कर्ता. १७९१ मध्ये मानसिक ताणाच्या दिवसांत त्याला खोलीत एक मृत व्यक्ती उभी दिसली. पत्नीला काही दिसत नव्हते. पुढे रोज माणसे दिसू लागली, काही ओळखीची, काही अनोळखी, आणि ती बोलूही लागली. निकोलायने घाबरून न जाता त्यांचे निरीक्षण केले. डॉक्टरांनी जळवा लावल्यावर आकृत्या हळूहळू फिक्या होऊन नाहीशा झाल्या. १७९९ साली त्याने हा सारा वृत्तांत बर्लिनच्या विज्ञान अकादमीत वाचला. भूत दिसणे आणि भूत असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इतक्या प्रामाणिकपणे स्वतःच्या अनुभवावरून सांगणारा दुसरा मजकूर त्या काळात सापडणे कठीण. गोएथेने ‘फाउस्ट’मध्ये त्याची टर उडवली. बर्लिनजवळच्या तेगेल इथल्या एका घरात १७९७ साली ऐकू आलेल्या आवाजांचा उल्लेखही तिथे आहे. टर लोकांच्या लक्षात राहिली आणि निबंध विसरला गेला. निकोलायवर हा अन्याय झाला.

रोमँटिक पिढीला खुलासे नको होते. गोटफ्रीड आउगुस्ट ब्युर्गरच्या ‘लेनोरे’ या कवितेतला मृत घोडेस्वार १७७४ मध्ये छापून आला आणि युरोपभर गेला. आपेल आणि लाउन यांचा ‘गेश्पेन्स्टरबुख’ हा भूतकथांचा संग्रह १८१० च्या सुमारास निघू लागला. त्यातल्या कथेवरून वेबरचा ‘फ्रायशुट्झ’ हा ऑपेरा झाला, जो १८२१ मध्ये बर्लिनला प्रथम रंगमंचावर आला. त्याच संग्रहातल्या काही कथा फ्रेंचमध्ये गेल्या. तो फ्रेंच अनुवाद १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी बायरन, शेली आणि पुढे त्याची पत्नी झालेली मेरी यांच्या हाती पडला आणि प्रत्येकाने एक भूतकथा लिहावी अशी पैज लागली. मेरी शेलीची ‘फ्रँकन्स्टाइन’ त्यातून आली.

ऱ्हाइन नदीवरच्या लोरेलायची गोष्टही इथेच सांगायला हवी. झांक्ट गोआर्सहाउझेनजवळचा सुमारे १३२ मीटर उंचीचा तो कडा जुना, तिथला प्रतिध्वनी जुना, नावाड्यांना असलेला धोकाही जुना. पण खडकावर बसून पुरुषांचा नाश करणारी सुंदर स्त्री क्लेमेन्स ब्रेन्टानोने १८०१ साली एका बॅलडमध्ये रचली. हाइनेची कविता १८२४ ची, तिला झिल्चरने चाल दिली ती १८३० च्या दशकात. काही दशकांतच प्रवासी तिला अनादी समजू लागले. वैद्य आणि कवी युस्टिनुस केर्नरने वाइन्सबेर्गमध्ये आपल्या घरी आणलेल्या एका आजारी स्त्रीच्या दर्शनांवर १८२९ मध्ये ग्रंथ लिहिला. तोही याच काळातला, आणि वैद्यक व भूतविद्या यांची सीमा पुसणारा.

उत्तर समुद्राच्या काठी भुतांचे कारण पाणी आहे. १३६२ च्या महापुरात रुंगहोल्ट हे व्यापारी गाव समुद्राने गिळले आणि शांत दिवशी त्याच्या घंटा पाण्याखाली वाजतात असे लोक म्हणू लागले. कैक अभ्यासकांनी गाव कल्पनेतले ठरवले होते. २०२३ मध्ये ज्यूडफाल बेटाजवळच्या चिखलात सुमारे ४० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद चर्चच्या खुणा संशोधकांना सापडल्या. टेओडोर श्टोर्मच्या ‘शिमेलरायटर’ या १८८८ च्या कादंबरिकेतला, पांढऱ्या घोड्यावरून बंधाऱ्यावर दौडणारा स्वार याच किनाऱ्याचा वाटतो. खरे तर मूळ कथा दूर पूर्वेला विस्तुला नदीकाठची होती. श्टोर्मने ती आपल्या फ्रिझियन बंधाऱ्यांवर आणली आणि आता ती तिथलीच झाली आहे.

विसाव्या शतकात आख्यायिकांचा अभ्यास मोठा झाला आणि डागाळलाही. हान्स बेख्टोल्ड-श्टोयब्ली यांच्या संपादनाखाली १९२७ ते १९४२ या काळात जर्मन लोकसमजुतींचा दहा खंडांचा कोश निघाला. आजही त्याला पर्याय नाही. त्याच वर्षांत आकाशातल्या शिकारी ताफ्यात प्राचीन जर्मन योद्ध्यांचे पंथ शोधणाऱ्या ओटो ह्योफ्लरसारख्या विद्वानांचे लेखन नाझी विचाराला सोयीचे ठरले. युद्धानंतर लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी अशा मुळांच्या शोधाकडे संशयाने पाहायला सुरुवात केली, ती योग्यच होती.

वस्तू आपोआप हलण्याचा, म्हणजे मराठीत ज्याला भानामती म्हणतात तो प्रकार जर्मनीत शास्त्रीय उपकरणांपर्यंत गेला. १९६७ मध्ये बव्हेरियातल्या रोझेनहाइम इथल्या एका वकिलाच्या कचेरीत दिवे फुटू लागले, टांगते दिवे झुलू लागले आणि टेलिफोनच्या बिलात वेळ सांगणाऱ्या सेवेला केलेल्या असंख्य कॉलची नोंद दिसू लागली. वीज कंपनी, टपाल खाते, पोलीस आणि भौतिकशास्त्रज्ञ येऊन गेले. फ्रायबुर्गच्या परामानसशास्त्र संस्थेचे हान्स बेंडर यांनी एक तरुण महिला कर्मचारी या घटनांचे केंद्र असल्याचे मत दिले. ती नोकरी सोडून गेल्यावर प्रकार थांबले. टीकाकारांनी हातचलाखीचा संशय मांडला आणि वाद मिटला नाही. १९८२ च्या नॉयट्राउब्लिंग प्रकरणाचा मात्र निकाल लागला. रेगेन्सबुर्गजवळच्या या गावात दंतवैद्याच्या दवाखान्यात एक आवाज थुंकण्याच्या भांड्यातून, दिव्यातून, टेलिफोनमधून बोलत असे. वार्ताहरांची रीघ लागली, पोलीस पथक नेमले गेले. शेवटी आवाज तिथल्याच तरुण मदतनीस मुलीचा निघाला.

आजच्या झपाटलेल्या जागा पर्यटनाने घडवल्या आहेत. डार्मश्टाटजवळच्या फ्रँकन्स्टाइन किल्ल्यात १६७३ मध्ये रसायनविद योहान कोनराड डिपेल जन्मला. मेरी शेली १८१४ मध्ये ऱ्हाइनवरून प्रवास करून गेली, हेही खरे. ती किल्ल्यात गेली होती याचा पुरावा नाही. तरी १९७५ मध्ये राडू फ्लोरेस्कु यांच्या पुस्तकाने हा संबंध लोकप्रिय केला आणि डार्मश्टाटमधल्या अमेरिकन सैनिकांनी सुरू केलेला हॅलोविनचा उत्सव तिथे मोठा झाला.

बर्लिनच्या नैऋत्येची बेलित्स आरोग्यधामे याहून वेगळ्या जातीची. कामगारांच्या विमा संस्थेने क्षयरोग्यांसाठी १८९८ पासून ती बांधली. सुमारे साठ इमारती, जंगलातली हवा, स्त्रीपुरुषांचे वेगळे विभाग. दाट वस्तीच्या चाळींत क्षयाने मरणाऱ्या बर्लिनच्या मजुरांना इथे उपचार मिळत. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत जखमी झालेला हिटलर इथे होता. १९४५ नंतर सोव्हिएत सैन्याने इथे आपले लष्करी रुग्णालय चालवले आणि १९९४ मध्ये ते निघून गेले. रिकाम्या इमारतींची छपरे गळू लागली, भिंतींचा रंग सोलला, छायाचित्रकार आणि चित्रपटवाले आले. ‘द पियानिस्ट’मधली काही दृश्ये इथली आहेत. नव्वदच्या आसपास या परिसरात घडलेल्या खुनांच्या बातम्या त्या भिंतींना चिकटल्या आणि परिचारिकांच्या, शस्त्रक्रियागृहातल्या आवाजांच्या गोष्टी इंटरनेटवरून पसरल्या. या गोष्टींत गाव नाही, नाव नाही, कुणाचे राहिलेले कामही नाही; जागा तेवढी आहे. २०१५ पासून पडक्या इमारतींच्या वरून, झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर बांधलेला पादचारी पूल लोकांसाठी खुला आहे, आणि काही इमारती दुरुस्त करून त्यांत घरे झाली आहेत.